उशीच्या निबंधाला दहापैकी दहा

शाळेतली मुलं त्यांना पुरावाबाई म्हणत, आणि हे त्यांना चांगलं माहीत होतं. आपण ठेवलेली नावं शिक्षकांच्या कानावर जात नाहीत, असं फक्त मुलांनाच वाटतं. वर्गात कुणी म्हणालं की बाई, आज फार उकडतंय, तर बाई वहीतून मान वर न करता विचारायच्या, "पुरावा?" मग त्या पोराला खिडकीशी जाऊन मैदानातलं जीभ काढून बसलेलं कुत्रं दाखवावं लागायचं. कुत्रं बघितलं की बाई पंखा वाढवायच्या. पुरावा दिला की त्यांची काही तक्रार नसे, हे मात्र कबूल करायला हवं.

घरीही तेच. त्यांच्या नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी बिचाऱ्याने नवी गादी घ्यावी असं सुचवलं होतं. बाईंनी त्यावर तीन कारणं मागितली. त्याने दोनच दिली आणि दुसरं पहिल्यासारखंच होतं, असं बाईंचं मत पडलं. तेव्हापासून चष्मेवाल्यांनी हात टेकले. काही हवं असलं की ते सरळ घेऊन यायचे आणि विचारलं तर म्हणायचे, गिऱ्हाइकाने दिलं.

बाईंचा खरा जीव मात्र वर्गापेक्षा आणि घरापेक्षा एका कापडी पिशवीत गुंतलेला असे. वर्षातून एकदा त्या भागातल्या सात शाळांमधली सातवीची मुलं युक्तिवादाचा निबंध लिहीत. एक बाजू घ्यायची, कारणं द्यायची, पुरावा द्यायचा, विरुद्ध बाजूच्या माणसाला उत्तर द्यायचं, आणि हे सगळं धड भाषेत लिहायचं. पाच गोष्टी, प्रत्येकी दोन गुण, एकूण दहा. मुलांची नावं झाकून वर फक्त क्रमांक असे. प्रत्येक निबंधाच्या दोन प्रती निघत आणि दोन वेगवेगळ्या परीक्षकांकडे जात. दोघांनी एकमेकांना न विचारता गुण द्यायचे आणि ते कार्यालयात पाठवायचे. दोघांच्या गुणांत दोनपेक्षा जास्त फरक पडला, तर नियमाप्रमाणे दोघांना कार्यालयातल्या मागच्या खोलीत समोरासमोर बसावं लागे आणि बोलून एक आकडा ठरवावा लागे. याला एकमत बैठक म्हणत. इतर जोड्यांच्या वर्षाला सात-आठ बैठका व्हायच्या. पुरावाबाईंच्या जोडीची गेल्या नऊ वर्षांत एकही झाली नव्हती.

कार्यालयाला याचं भारी कौतुक. तिथला कारकून, ज्याला सगळे गठ्ठेसाहेब म्हणत, नव्या परीक्षकांना या जोडीचा तक्ता दाखवायचा. नऊ वर्षं, तेराशेच्या वर निबंध, आणि फरक कधी दीडच्या वर नाही. दोघींना एकदा प्रशस्तिपत्रही मिळालं होतं. ते घ्यायला दोघीही गेल्या नाहीत, तेव्हा गठ्ठेसाहेबाने ते पोस्टाने पाठवलं. या एकमताचं कारण त्याला पक्कं ठाऊक होतं, पण तो मूग गिळून गप्प बसायचा. जोडीतली दुसरी परीक्षक पुरावाबाईंची सख्खी थोरली बहीण होती, आणि दोघींना एका खोलीत बसायचं नव्हतं.

ताई दुसऱ्या शाळेत शिकवायची आणि दोनच गल्ल्या पलीकडे राहायची. स्वभावाने धाकटीच्या अगदी उलट. निबंधात आजी आली की ताई विरघळायची. कुत्रं आलं की एक गुण जास्त. आजी आणि कुत्रं एकाच परिच्छेदात आले, तर बाकी निबंध वाचायची तिला गरजच वाटत नसे. नऊ वर्षांपूर्वी 'शाळेची घंटा बंद करावी' या निबंधाला धाकटीने सहा दिले आणि ताईने नऊ. त्यात घंटेला घाबरणारं एक कुत्रं होतं. दोघी बैठकीला बसल्या. ओढाताण करत एक सातवर आली, दुसरी साडेसातवर, आणि तिथे अर्ध्या गुणावर गाडी अडली. तासभर झाल्यावर ताई वैतागून म्हणाली की तू मुलांचे निबंध तपासत नाहीस, त्यांची झडती घेतेस. हे ऐकून धाकटीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तोंडातून जे निघालं ते असं होतं:

"आणि तू लाड करतेस. घरी केलेस तसेच. त्याचं काय झालं ते दिसतंच आहे."

त्याच आठवड्यात ताईच्या एकुलत्या एका मुलाने दुसऱ्यांदा कॉलेज सोडलं होतं आणि तो रोज अकरापर्यंत झोपून राहायचा. ताईने हे बाहेर कुणाला सांगितलं नव्हतं, फक्त बहिणीला सांगितलं होतं. ताई उठली. पेनाला टोपण लावलं, पर्स उचलली आणि निघून गेली. गठ्ठेसाहेबाने घाबरून मधला आकडा काढला, सव्वासात. कार्यालयाच्या इतिहासात सव्वासात गुण मिळालेला तो एकच निबंध.

धाकटीने जिना उतरण्याआधीच जीभ चावली होती. तेव्हाच मागे धावली असती तर प्रश्न मिटला असता. पण पहिला आठवडा शरमेत गेला. दुसऱ्या आठवड्यात वाटायला लागलं की तिनेही झडती म्हटलंच की. महिना उलटला. मग ताईने भाजी सकाळी घ्यायची आणि धाकटीने संध्याकाळी, असा एक अलिखित करार झाला. घरच्या कार्यात दोघी भेटत, पण बोलायचं ते चष्मेवाल्यांमार्फत. "तिला विचारा, चहा घेणार का," असं एक म्हणे आणि दुसरी त्याच खोलीत बसून "हो म्हणावं" असं सांगे. चष्मेवाले दोघींकडे आळीपाळीने मान वळवत बसायचे.

आता राहिली ती दर वर्षीची पिशवी. बैठक टाळायची, तर फरक पडता कामा नये. म्हणून पुरावाबाई प्रत्येक निबंध दोनदा तपासायच्या, एकदा आपल्या डोळ्यांनी आणि एकदा ताईच्या. कुत्रं आलं की दात-ओठ खाऊन एक गुण वाढवायच्या. आजी वारली की अर्धा. निकालानंतर दोघींचे गुण शेजारी छापून येत, तेव्हा त्यांना दिसायचं की ताईही तिकडे हेच करतेय. पुरावा नसलेल्या निबंधांचे गुण ती दर वर्षी जरा जरा कापत चालली होती. गेल्या वर्षी तर पुरावाबाईंचे आकडे ताईपेक्षा वर गेले. एका मांजराच्या निबंधाला त्यांनी नऊ दिले आणि ताईने साडेसात. अबोला धरलेल्या दोन बहिणी दर वर्षी दीडशे निबंधांवर एकमेकींच्या मनात शिरून बसत होत्या, आणि तरी रस्त्यात दिसल्या की फूटपाथ बदलत होत्या. शहाण्या बायकांचा वेडेपणा असाच पद्धतशीर असतो.

या वर्षी पिशवी येण्याच्या चार दिवस आधी चष्मेवाले दुपारी जेवायला घरी आले आणि पाण्याचा पेला भरता भरता म्हणाले की ताई दुकानात आल्या होत्या. लांबचा चष्मा बदलायला टाकलाय. या वर्षी निवृत्त होतायत ना, तर वीस तारखेला मुलाकडे चालल्या. कायमच्या. इथलं घर सोडलं.

"पुरावा?" बाईंनी विचारलं, पण आवाज नेहमीचा नव्हता.

चष्मेवाल्यांनी खिशातून पावती काढून ताटाशेजारी ठेवली. त्यावर त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, अठरापर्यंत द्यायचाच. बाईंनी ती दोनदा वाचली. मग ताटातली पोळी उगाच चार वेळा दुमडली आणि विचारलं की माझ्याबद्दल काही बोलली का.

"विचारलं," चष्मेवाले म्हणाले. "म्हणाल्या, तिच्याकडे गठ्ठा आला का?"

मुलाचं गाव नऊ तासांवर होतं. तोच मुलगा, अकरापर्यंत झोपणारा. तो पुढे एका लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याच्या हाताखाली लागला, काम शिकला आणि आता त्या गावात त्याचा स्वतःचा धंदा होता. मावशीच्या वाढदिवसाला तो न चुकता निरोप पाठवायचा. मावशी त्याला पूर्णविराम-स्वल्पविरामासकट उत्तर द्यायची आणि नंतर तासभर कुणाशी धड बोलायची नाही. ताई गेली की गेली, हे बाईंना त्या पावतीवरून कळून चुकलं. नऊ वर्षं दोन गल्ल्या ओलांडता आल्या नाहीत, तर नऊ तास काय ओलांडणार होत्या. त्यांना ताई हवी होती. इतकं साधं होतं ते, आणि ते सिद्ध करायला त्यांच्याकडे एकही कारण नव्हतं.

त्या संध्याकाळी त्या निघाल्या. कोपऱ्यापर्यंत गेल्या, तिथून ताईच्या दाराचा दिवा दिसला, आणि पाय आपोआप वळून कोपऱ्यावरच्या दुकानात शिरले. काहीतरी घ्यायलाच हवं म्हणून त्यांनी केरसुणी घेतली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेल्या आणि पुन्हा केरसुणी घेऊन आल्या. तिसऱ्या दिवशी त्या चप्पल घालायला लागल्यावर चष्मेवाले म्हणाले की आता घरात कचरा पुरायचा नाही.

मग पिशवी आली, आणि बाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आपल्याला जाता येत नाही ना, मग नियमच आपल्याला नेईल. एका निबंधावर मुद्दाम मोठा फरक पाडायचा. कार्यालय बैठक लावेल, दोघींना बसावंच लागेल, आणि कोण आधी आलं हा प्रश्नच उरणार नाही. इतकी सोपी युक्ती नऊ वर्षं सुचली नव्हती, याचं त्यांना नवल वाटलं. खरं तर सुचली होती, पण तेव्हा ताई दोन गल्ल्यांवर होती.

आता निबंध असा हवा की त्यावर ताईचे गुण किती पडतील याबद्दल शंकाच नको. बाई गठ्ठा घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसल्या. 'धाकट्या भावंडांना शनिवार-रविवार दुसरीकडे ठेवावे', यात एका पोराने भावाच्या चाव्याची खूण पुरावा म्हणून रेखाटून दाखवली होती. बरा होता. 'लिफ्टमध्ये आरसा नसावा', यात आजी होती. बाद. 'गृहपाठ पालकांनी करावा, कारण त्यांना संध्याकाळी काही काम नसते', हा निबंध बऱ्यापैकी पटणारा निघाला. आणि मग हाती आला क्रमांक सत्तेचाळीस.

विषय होता, 'शाळेत उशी आणू द्यावी'. लिहिलं होतं ते असं:

"माझे मत आहे की शाळेत उशी आणू द्यावी. पहिले कारण, डोके जड असते. दुसरे कारण, बाकावर ते ठेवले की दुखते. पुरावा: माझे काका ऑफिसात उशी नेतात आणि त्यांना बढती मिळाली. विरुद्ध बाजू: काही लोक म्हणतील की उशी आणली तर मुले झोपतील. हे लोक बरोबर आहेत. तरी मला उशी हवी."

संपला निबंध. खाली उशीचं चित्र होतं आणि तेही घाईत काढलेलं.

बाईंनी एकतीस वर्षांत पुष्कळ निबंध पाहिले होते, पण विरुद्ध बाजूला उत्तर देण्याऐवजी तिला घरात घेऊन पाट मांडणारा हा पहिलाच. खरे गुण तीन. आजी नाही, कुत्रं नाही, तेव्हा ताईचेही तीन, फार तर साडेतीन. बाईंनी पेन उघडलं आणि दहा लिहिले. आयुष्यात दहापैकी दहा त्यांनी कधी कुणाला दिले नव्हते. तो आकडा त्यांच्या अक्षरात इतका परका दिसला की त्यांनी तो खोडून पुन्हा, जरा वळणदार लिहिला. मनाला त्यांनी समजावलं की बैठकीत खरे गुण ठरतीलच, पोरावर अन्याय नाही की मेहरबानी नाही. मग गुणपत्रिका पाकिटात घालून चिकटवली आणि कार्यालयाचा शिपाई येईपर्यंत त्या पाकिटाच्या जवळपासही फिरकल्या नाहीत.

सोळा तारखेला पत्र आलं. बाईंनी ते उभ्या उभ्याच फोडलं. बैठकीचा हुकूम नव्हता. गठ्ठेसाहेबाने मोठ्या आनंदाने कळवलं होतं की जोडीने आपली परंपरा याही वर्षी राखली. एवढंच नव्हे, तर क्रमांक सत्तेचाळीसला दोन्ही परीक्षकांनी दहापैकी दहा दिले आहेत. असं आजवर घडलेलं नाही. नियमानुसार हा निबंध या वर्षीचा नमुना निबंध ठरला असून तो छापून सातही शाळांत लावण्यात येईल आणि सोमवारी सर्व विद्यार्थ्यांपुढे मोठ्याने वाचण्यात येईल. इतर मुलांनी युक्तिवाद कसा करावा हे त्यातून शिकावं, अशी अपेक्षा आहे.

बाईंनी खुर्चीत बसून पत्र पुन्हा वाचलं. पहिला विचार आला की ताईचं डोकं फिरलं. निवृत्तीने माणसं अशी होतात म्हणे. चष्मेवाल्यांनी चहा आणून दिला. चहा अर्धा झाला तेव्हा दुसरा विचार आला आणि पेला तसाच हातात राहिला. ताईचं डोकं मुळीच फिरलं नव्हतं. ताईने तिकडे बसून गठ्ठ्यातला सगळ्यात वाईट निबंध शोधला होता. धाकटी याला तीन देणार हे तिला माहीत होतं. आणि तिने दहा लिहिले होते. चष्मेवाल्यांना 'गठ्ठा आला का' असं तिने उगाच विचारलं नव्हतं.

बाईंना रडू आणि हसू एकदम यायला लागलं. नऊ वर्षांनी ताई त्यांना बोलावत होती, आणि त्या ताईला, आणि दोघींनी मिळून एकमेकींची वाट अशी काही अडवली होती की त्याला तोड नव्हती. मग सोमवार आठवला. सात शाळांमधली दोन-अडीच हजार मुलं रांगेत उभी राहून ऐकणार की विरुद्ध बाजूला उत्तर कसं द्यावं, तर हे लोक बरोबर आहेत, तरी मला उशी हवी. पुढची दहा वर्षं प्रत्येक निबंध असाच येणार.  त्यांनी एका कागदावर अर्ज खरडला आणि सापडल्या त्या चपला घालून निघाल्या. एक त्यांची होती, एक चष्मेवाल्यांची.

कार्यालय एका सायकलच्या दुकानाच्या वर होतं. जिना चढून बाई आत शिरल्या, तर टेबलाशी नवा चष्मा लावलेली एक पाठमोरी बाई उभी होती आणि तिच्या हातातही अर्ज होता. पाठीवरून चष्मा दिसत नाही हे खरं, पण कानामागची काडी दिसते, आणि ती चष्मेवाल्यांच्या दुकानातली आहे हे बाईंनी लांबूनही ओळखलं असतं.

गठ्ठेसाहेबाने दोघींना पाहिलं आणि आधी टेबलावरचं स्टेपलर उचलून मांडीवर घेतलं. ताईने मागे वळून पाहिलं. दोघी एकमेकींकडे न बघता त्याच्याशीच बोलायला लागल्या. ताईचं म्हणणं, चूक माझी आहे, मी दहा द्यायला नको होते. धाकटीचं म्हणणं, साहेब, त्यांना सांगा, चूक माझी आहे. ताई म्हणाली की यांना विचारा, यांच्या चुकीला पुरावा काय. गठ्ठेसाहेब दोन्ही अर्ज वाचून हवालदिल झाला. दोन परीक्षक दोषासाठी भांडताना त्याने पाहिले नव्हते. शेवटी तो नियमांची वही काढून म्हणाला की माफ करा, पण दिलेले गुण फक्त एकमत बैठकीतच बदलता येतात, आणि मतभेद असल्याशिवाय एकमत बैठक घेता येत नाही. तुमचं तर पूर्ण एकमत आहे.

 खाली कुणीतरी सायकलची घंटा वाजवून बघत होतं.

"माझे तीन," धाकटी म्हणाली.

ताईने चष्मा नाकावर सारखा केला. तीन अधिक दोन पाच, म्हणजे पाच चालणार नव्हते. "मग माझे सहा," ती म्हणाली.

"फरक तीन," गठ्ठेसाहेब सुटकेने म्हणाला. "बसा." त्याने मागच्या खोलीचं दार उघडून दिलं आणि स्वतः स्टेपलर घेऊन खाली सायकलच्या दुकानात गेला.

खोलीत तेच टेबल होतं. त्याच्या एका पायाखाली जुनी गुणपत्रिका घडी करून सरकवलेली, तीही तशीच. मध्ये सत्तेचाळीस क्रमांकाचा कागद. दोघी आधी कामाला लागल्या, कारण काम हीच एक सोय होती. मत स्पष्ट आहे, दोन गुण, यावर वाद नव्हता. पुराव्याशी आल्यावर धाकटी म्हणाली की काकांची बढती हा पुरावा तसा कमकुवत आहे, पण आहे, शून्य देता येणार नाही. ताई ताडकन म्हणाली की एका काकावरून काही सिद्ध होत नाही, असे किती काका पाहिले, त्यांची नोंद कुठे आहे. धाकटी म्हणाली की लहान पोर आहे, घरातलाच पुरावा देणार ना. आणि मग दोघींना एकदमच कळलं की कोण कुणाचं बोलतंय. ताई नाकातून फस्सकन हसली. लहानपणीही ती अशीच हसायची आणि शेजारच्या पानावर शाई उडायची.

मग विरुद्ध बाजू आली. ताईने नव्या चष्म्यातून ते वाक्य मोठ्याने वाचलं. "हे लोक बरोबर आहेत." तिने कागद खाली ठेवला. म्हणाली की माझ्या सगळ्या नोकरीत एकाही पोराने हे असं लिहिलं नाही. याला शून्य द्यायचं की दोन, मला खरंच कळत नाही. तुला काय वाटतं?

ते 'तुला' होतं. 'यांना' नव्हतं. बाईंनी नऊ वर्षं या क्षणासाठी एक नीट मांडलेला युक्तिवाद तयार ठेवला होता. त्यात तीन कारणं होती. त्यातलं एकही आठवेना.

"तू बरोबर होतीस," त्या म्हणाल्या. "मी झडतीच घेत होते. आणि त्याच्याबद्दल जे बोलले ते चूक होतं. तेव्हाही चूक होतं."

ताईने टेबलाच्या पायाखालची घडी पायाने जरा आत सरकवली. मग अगदी बाईंच्याच आवाजात तिने विचारलं, "पुरावा?"

"आठ माणसं आहेत त्याच्या हाताखाली," धाकटी म्हणाली. डोळे भरले होते, पण आकडे चुकवायची सवय नव्हती. "सहा वाजता उठतो, असं त्यानेच कळवलं मला."

"साडेपाचला," ताई म्हणाली. मग चष्मा काढून तिने तो पदराने पुसला. "मला ते इतकं का लागलं माहितेय? त्या आठवड्यात मीही रोज हाच विचार करत होते. आपल्या लाडानेच बिघडला म्हणून. तू फक्त मोठ्याने म्हणालीस. माझ्या मनातलं तुझ्या तोंडून ऐकलं आणि ते मला सहन झालं नाही."

 धाकटीने पर्समध्ये रुमाल शोधला, मिळाला नाही, तेव्हा ताईने आपला पुढे केला. तेवढ्यात ताईची नजर खाली गेली आणि तिने विचारलं की हे पायात काय घालून आलीस. मग मात्र दोघी अशा हसत सुटल्या की खाली गठ्ठेसाहेबाने हा आवाज भांडणाचा की कसला, असं सायकलवाल्याला विचारलं.

तो तासाभराने भीत भीत वर आला. कागदावरचे आकडे बरेच जवळ आले होते. ताईचे चार, धाकटीचे साडेचार. नमुना निबंधाचा प्रश्न त्यामुळे मिटलाच होता. धाकटीला अर्धा गुण सोडून द्यायला काहीच हरकत नव्हती. बरं, चार करा, असं म्हणायला तिने तोंड उघडलं, आणि टेबलाखाली ताईने तिच्या पायावर पाय दिला. आईसमोर गप्प बसवायचं असलं की ताई लहानपणी हेच करायची. धाकटीने तोंड मिटलं.

ताईने गठ्ठेसाहेबाला कडक आवाजात सांगितलं की अर्ध्या गुणावर एकमत होत नाही. प्रश्न अर्ध्या गुणाचा नाही, तत्त्वाचा आहे. अशा वेळी नियम काय म्हणतो? गठ्ठेसाहेबाने वही चाळली. नियम म्हणत होता की एकमत न झाल्यास महिन्याभरात दुसरी बैठक घ्यावी आणि ती कोणत्याही एका परीक्षकाच्या राहत्या घरी घेता येईल.

"वीस तारखेनंतर माझं राहतं घर मुलाकडे आहे," ताई म्हणाली. "तसं लिहा."

"नऊ तासांचा प्रवास," गठ्ठेसाहेब म्हणाला. "अर्ध्या गुणासाठी?"

दोघींनी त्याच्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की त्याने निमूटपणे लिहायला घेतलं. मग धीर करून त्याने विचारलं की तिथेही एकमत झालं नाही तर. ताई म्हणाली की मग तिसरी बैठक घ्यावी लागेल, त्याला इलाज नाही. तोवर त्या पोराला जास्तीचा आकडा देऊन टाका, साडेचार. वाद आमचा आहे, त्याचा नाही.

जिना उतरताना धाकटी हळूहळू उतरत होती, कारण चष्मेवाल्यांची चप्पल मोठी होत होती. ताईने तिचा हात धरला होता. खाली आल्यावर ताई म्हणाली की गाडीत नऊ तास बसायचं म्हणजे मान अवघडते, येताना उशी घेऊन ये. पुरावा मागायला बाईंचं तोंड अर्धं उघडलंही होतं.

"बरोबर आहे तुझं," त्या म्हणाल्या, आणि दोघी उशी घ्यायला केरसुण्यांच्या दुकानाकडे वळल्या.